पावणेतीन लाखांत जुनी गाडी: अल्टो, वॅगन-आर, आय-टेन की स्विफ्ट डिझेल?

भांडुपकर

नमस्कार मंडळी. जुनी गाडी घ्यायची आहे. हातात पावणेतीन लाख आहेत आणि नाव ट्रान्सफर, विमा, घेतल्या घेतल्या निघणारी कामं हे सगळं त्यातच बसवायचं आहे. कर्ज काढायचं नाही.

घरात चौघं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार खाली बसावं लागेल अशी गाडी नको. महिन्याला 600 किमीच्या आसपास धावेल: आठवड्यातून दोनदा भांडुप ते वाशी, बाकी किरकोळ, आणि वर्षातून दोनदा चिपळूण. पार्किंग इमारतीच्या आवारात आहे, पण उघड्यावर.

सध्या डोळ्यांसमोर चार गाड्या आहेत: अल्टो 800 (2014), वॅगन-आर कंपनी फिटेड सीएनजी (2013), आय-टेन पेट्रोल (2012) आणि स्विफ्ट डिझेल (2013). यातली कुठली घ्यावी, आणि गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं?

चार_चाकं

स्विफ्ट डिझेल यादीतून काढा, मग बाकीच्या तिघींवर बोलू. महिन्याला 600 किमी, त्यातलं निम्मं ट्रॅफिकमध्ये. एवढ्यासाठी डिझेल परवडत नाही. इंधनात महिन्याला हजाराच्या आतबाहेर वाचतील, आणि त्या 1248 सीसीच्या इंजिनात इंजेक्टर, टर्बो किंवा टायमिंग चेनचं एक काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाईल. डिझेल ज्यांचं रोजचं पल्ल्याचं धावणं आहे त्यांनी घ्यावं.

दुसरं, पावणेतीन लाखांची गाडी बघूच नका. दोन लाख तीस हजारांच्या वरची गाडी दाखवू नका असं दलालाला आधीच सांगा. दहा-बारा वर्षांच्या गाडीला टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन यांतलं काही ना काही पहिल्या सहा महिन्यांत लागतंच. चाळीस-पंचेचाळीस हजार बाजूला नसतील तर ती कामं पुढे ढकलली जातात, आणि एका ढकललेल्या कामातून दुसरं उभं राहतं. कूलंटचा दोनशे रुपयांचा होज पाइप वेळेवर बदलला नाही म्हणून हेड गॅस्केट जातं.

अल्टो 800 सांभाळायला सगळ्यांत स्वस्त, यात वाद नाही. पण सीट खाली आहे, आईंना रोज उठबस जड जाईल. 796 सीसीचं इंजिन चौघं, सामान आणि एसी घेऊन घाटात दमतं. शिवाय या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर गाडी घेतल्या आठवड्यातच बदलायचा खर्च धरा.

आय-टेन चालवायला या तिघींत सगळ्यांत गुळगुळीत. चार सिलिंडरचं इंजिन, गिअर हलके. पण सुटे भाग मारुतीपेक्षा महाग पडतात. स्टिअरिंग कॉलममध्ये एक छोटा रबरी कपलर असतो, तो झिजला की स्टिअरिंग फिरवताना टकटक येते. तो भाग स्वस्त आहे, पण विकणारे गप्प राहतात आणि काही गॅरेजवाले पूर्ण स्टिअरिंग रॅक बदलायला सांगतात. तसं कोणी सांगितलं तर आधी कपलर बघायला लावा.

तुमच्या गरजेला वॅगन-आर बसते. दार उंच, सीट उंच, गुडघे न वाकवता सरळ आत बसता येतं. 998 सीसीचं के-टेन इंजिन, त्याला बेल्ट नाही, चेन आहे. कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला ती गाडी पाठ असते.

सीएनजीचा हिशेब असा करा. पेट्रोल 104 रुपये लिटर, सीएनजी 80 रुपये किलो धरा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलवर 16 आणि सीएनजीवर 22 किमी धरले तर किलोमीटरला साडेसहा विरुद्ध साधारण तीन रुपये पासष्ट पैसे. महिन्याला 600 किमीला सतराशे रुपये, वर्षाला वीस हजार वाचतात. त्या बदल्यात सिलिंडरमुळे डिकी जाते. चिपळूणला जाताना चौघांच्या बॅगा कुठे ठेवणार याचा विचार घरात आधी करा. टपावर कॅरिअर हा उपाय आहे, पण पावसात तो गैरसोयीचाच.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत बिनएअरबॅगच्या अल्टो 800, आय-टेन आणि स्विफ्ट या तिन्ही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग आपल्याकडे 2019 मध्ये सक्तीची झाली. त्याआधी ती फक्त वरच्या व्हेरिएंटमध्ये किंवा पैसे जास्त भरून मिळायची. त्यामुळे त्याच किमतीत एक वर्षाने जास्त जुनी पण एबीएस-एअरबॅगवाली गाडी मिळत असेल तर ती घ्या. अलॉय आणि टचस्क्रीनला पैसे मोजू नका.

टॉप_गिअर_नको

वरच्या प्रतिसादात आय-टेनच्या इंजिनाबद्दल एक भर. आय-टेन दोन इंजिनांत आली. 1.1 ला टायमिंग बेल्ट आहे, 1.2 कप्पाला चेन. जाहिरातीत सगळे नुसतं ‘आय-टेन पेट्रोल’ लिहितात. आरसीवर सीसी बघा: 1086 असेल तर बेल्टवाली, 1197 असेल तर चेनवाली. एक लाखाच्या पुढे धावलेली 1086 घेत असाल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदला, कारण खोलायची मजुरी तिन्हींना एकच लागते.

आणि कोणी स्वस्तात शेव्हर्लेची बीट किंवा फोर्डची फिगो दाखवली तर मोह होईल. शेव्हर्ले 2017 मध्ये इथली विक्री थांबवून गेली, फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. गाड्या वाईट नाहीत, पण बंपर, हेडलाइट, सेन्सर असल्या गोष्टींसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधत फिरायची तयारी असलेल्यांनीच त्या घ्याव्यात. घरातली एकुलती एक गाडी म्हणून नको.

खाडीकाठ

मॉडेल कुठलंही घ्या, मुंबईत गाडी संपते ती पत्र्यामुळे. इंजिन दुरुस्त होतं, क्लच बदलता येतो, पण सडलेला पत्रा आणि पाण्यात बुडालेली वायरिंग यांना इलाज नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी अर्धा तास फक्त बॉडी बघा.

खारी हवा आधी कुठे खाते ते लक्षात ठेवा. दारांच्या खालच्या कडा, जिथे पाणी निघायची छोटी भोकं असतात. रनिंग बोर्डाची खालची बाजू. मागच्या चाकांच्या कमानींची आतली कड. तिथे बोट फिरवा, पापुद्रा हाताला येतो. डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा: स्टेपनी काढायला लावा, रबर मॅट उचला. बोनेटखाली बॅटरीचा ट्रे आणि त्याच्या खालचा पत्रा. बॅटरीचं अ‍ॅसिड सांडून तो हमखास गेलेला असतो. वरून पांढरा फुललेला रंग दिसला की आतून पत्रा गेलेला असतो, वरचा फोड ही शेवटची पायरी.

गाडीखाली बघण्यासाठी जॅक लावून आत शिरू नका, ते धोक्याचं आहे. जवळच्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानात दोन-तीनशे रुपये देऊन गाडी रॅम्पवर घ्या. लोअर आर्म, क्रॉस मेंबर, ब्रेकचे लोखंडी पाइप आणि सायलेन्सरचे जोड टॉर्च मारून बघा. वरवरचा तांबूस गंज सगळ्यांनाच असतो, त्याने घाबरू नका. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर खपली पडते किंवा आवाज बद्द येतो, तिथे पत्रा संपलाय. खालून नवाकोरा काळा अंडरकोटिंगचा थर मारलेला दिसला तर संशय घ्या. विकायच्या आदल्या आठवड्यात कोणी हौसेने अंडरकोटिंग करत नाही.

आता पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, कुर्ला या भागांत दर पावसाळ्यात गाड्या पाण्यात उभ्या राहतात. 29 ऑगस्ट 2017 ला तर किती ठिकाणी राहिल्या ते सगळ्यांना आठवत असेल. बाहेरूनही गाड्या येतात. ऑगस्ट 2019 ला कोल्हापूर-सांगलीत आणि 22 जुलै 2021 ला तुमच्या चिपळूणला पूर आला होता. एमएच 08, 09 किंवा 10 पासिंगची गाडी म्हणजे बुडालेलीच असं अजिबात नाही, पण त्या तारखांना ती कुठे होती हे विचारायला लाजू नका.

बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, सुगंधी फवारा मारून उभी करतात. पण काही जागा धुणाऱ्याच्या हातून सुटतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. एरवी गुंडाळलेला राहणारा तो शेवटचा हातभर पट्टा मातकट किंवा डागाळलेला असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या खाली हात घालून रेल्सचे बोल्ट आणि स्प्रिंगा बघा, एकसारखा दाट गंज वाईट. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज उपसून बघा, पाय हिरवट झालेत का. दाराशेजारची पट्टी उचकटून कार्पेटचा कोपरा वर करा आणि खालचा फेल्ट दाबा. वास तिथे राहतो, कितीही धुतलं तरी. हेडलाइटच्या आत आडवी रेघ दिसली तर ती पाण्याची पातळी असते. या सगळ्या जागी ठीक असेल तर पुढे बोला. एका ठिकाणी जरी खात्रीने सापडलं तर भाव पन्नास हजारांनी कमी केला तरी घेऊ नका. अशा गाडीचं काय बिघडेल ते कोणालाच सांगता येत नाही: आज पॉवर विंडो, सहा महिन्यांनी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.

अपघाताचं बघायचं तर बोनेट उघडून फेंडरचे आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवरचा रंग अखंड असतो, पाना लागला की कोपरे उडतात. फेंडर बदलला म्हणून गाडी सोडायची गरज नाही, मुंबईत रिक्षा घासून जातेच. बघायचं ते आतलं: चाकांवरच्या आतल्या पत्र्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अ‍ॅप्रनवर कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल खळगे ठरावीक अंतरावर असतात. एका बाजूला ते नाहीत, किंवा तिथे सीलंट ओबडधोबड आहे, म्हणजे पुढचा मार मोठा होता. काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते; एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर त्या बाजूचा पत्रा नीट बघा. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, दुसऱ्यांदा रंगवलेला 200 च्या वर, आणि चारशे-पाचशेच्या पुढे आकडा गेला की खाली लांबी (पुट्टी) भरली आहे.

आरसी_बुक

बॉडी आणि इंजिनाबद्दल लोक सांगतीलच, मी कागदांवर लिहितो. गाडी बघायला जाण्याआधीच नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. पहिली नोंदणी कधीची, कितवा मालक, इंधन, विमा कधीपर्यंत, पीयूसी, बोजा (आरसीवर कर्जाची नोंद) आहे का, हे तिथे दिसतं. नंबर द्यायला कां-कूं करणारा असेल तर तिथेच थांबा.

इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/सीएनजी’ असं लिहिलेलं पाहिजे. बाहेरून किट बसवून आरसीवर न चढवलेल्या गाड्या बाजारात आहेत. अशा गाडीला काही झालं तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. आरसीप्रमाणेच विमा पॉलिसीवरही सीएनजीचा उल्लेख हवा.

वॅगन-आर सीएनजी घेताना आणखी एक: ती आधी टॅक्सी होती का? पिवळी पाटी काढून पांढरी केलेल्या गाड्या विकायला येतात. आरसीवरचा वाहनाचा वर्ग आणि आधीच्या नोंदी बघा. दाराच्या खांबांवर, नंबर प्लेटच्या मागे वेगळ्या रंगाचा अंश, डॅशवर मीटर बसवल्याची भोकं, टपावर कॅरिअरचे खोल चरे, या खुणा राहतात.

चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनसची टक्केवारी बघा. हा बोनस 20, 25, 35, 45, 50 असा वर्षागणिक चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. पाच वर्षं एकच मालक आणि ‘एकही क्लेम नाही’ असं सांगतोय, पण पॉलिसीवर बोनस 20 टक्के, तर मग क्लेम कशाचा होता ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही; तुम्हाला तो मिळणार नाही, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. फक्त थर्ड पार्टीचं बघायचं तर 2022 च्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंत 2,094 आणि 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये, वर कर.

किलोमीटरवर विश्वास ठेवायचा तो अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींवर. मालकाला घेऊन किंवा त्याच्या फोनवरून सर्व्हिस हिस्ट्री काढायला लावा. दर सर्व्हिसला तारीख आणि रीडिंग लिहिलेलं असतं. 2018 ला 61 हजार आणि आज मीटरवर 58 हजार, असं निघालं तर मीटर मागे फिरवलाय.

ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30, मूळ आरसी, विमा, पीयूसी. बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. मालकाने कर्ज फेडलेलं असतं, पण आरसीवरून बोजा उतरवलेला नसतो, हे फार वेळा दिसतं. तो त्यानेच उतरवून द्यायचा. थकलेली ई-चलनं महाट्रॅफिकवर बघा आणि पैसे देण्याआधी भरून घ्या. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची आहे, म्हणजे एचएसआरपी (नवी सुरक्षित नंबर प्लेट) पाटी बसवलेली पाहिजे. नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतील, कारण तिथे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर हे धरलं की स्वस्ताई उरत नाही.

भांडुपकर

सगळ्यांचे आभार. स्विफ्ट काढली, अल्टोही काढली. काल एक वॅगन-आर एलएक्सआय सीएनजी पाहिली, त्याची माहिती देतो.

एमएच 03 पासिंग, ऑगस्ट 2013, दुसरा मालक, मीटरवर 74 हजार. आरसीवर सीएनजी आहे, बोजाही आहे, कर्ज फिटलंय म्हणतो. सिलिंडरच्या पाटीवरची तारीख उलटून गेली आहे. टायरवर 1817 असं लिहिलंय. पुढच्या डाव्या फेंडरला रंग मारलाय, अ‍ॅप्रन ठीक वाटले. सीट बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. क्लच बराच वर आल्यावर गाडी हलते. गाडी मी पोचलो तेव्हा गरम होती. मागतोय 2 लाख 45 हजार.

पुढच्या रविवारी पुन्हा जातोय. इंजिन आणि सीएनजीचं काय तपासू, आणि किती भाव सांगू?

ओपन_पाना

गाडी गरम होती ही गोष्ट सोडून देऊ नका. थंड इंजिनातच खरं कळतं. रविवारी ‘सकाळी मी येईपर्यंत चावी लावू नका’ असं सांगून जा आणि पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दोन-तीन तासांनी परत या.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, गरम असताना कधीही नाही. कूलंट हिरवं किंवा लाल, स्वच्छ हवं. गढूळ तांबडं पाणी असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय, आतून गंज आहे. वर तेलकट तवंग असेल तर हेड गॅस्केटचा संशय, गाडी तिथेच सोडा. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर असेल तरी तेच. मात्र पावसाळ्यात आणि फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे थोडा ओलसरपणा धरतो, त्यावरून निकाल देऊ नका, कूलंटशी ताडून बघा.

चावी लावताना आधी ऑन करून थांबा. चेक इंजिन आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे, आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागतच नसेल तर दिवा काढलाय. सुरू करताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पहिल्या मिनिटाची पांढरी वाफ चालते, दहा मिनिटांनीही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर कूलंट आत जातंय.

मग एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. मुंबईत गाडी गरम होते ती पूर्व द्रुतगती मार्गावर अडकल्यावर, धावताना नाही. रेडिएटरचा पंखा लागला पाहिजे, बंद झाला पाहिजे, पुन्हा लागला पाहिजे. या वेळात एसी कोमट होऊ लागला तर कंडेन्सर किंवा पंख्याचं काम आहे. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं रीडिंग आणि बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारं यंत्र) सहज मिळतो, तो लावून कूलंटचं तापमान बघत राहा. 90 ते 100 अंशांत खेळत राहिलं तर ठीक, 105 च्या पुढे चढतच गेलं तर नको. त्याच स्कॅनरवर कोड पुसून किती किमी झाले तेही बहुधा दिसतं. कोड परवाच पुसलेले असतील तर का पुसले ते विचारा.

सीएनजी गाडीत लोकांची नजर सिलिंडरवर असते आणि खरा बिघाड पेट्रोलच्या बाजूला असतो. लोक वर्षानुवर्षं टाकीत चार लिटर पेट्रोल ठेवून गॅसवर चालवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तरच थंड राहतो, त्यामुळे तो कोरडा पडून जळतो, आणि न वापरलेले इंजेक्टर चिकटतात. म्हणून दहा लिटर पेट्रोल स्वतः भरा आणि निदान दहा किमी फक्त पेट्रोलवर चालवा. धक्के, मागे ओढल्यासारखं होणं, आयडलिंगला थरथर, हे आलं तर पंप-इंजेक्टरचा खर्च धरा. मग चालत्या गाडीत गॅसवर टाका, बदल जाणवायलाही नको.

सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. आत 200 बारचा दाब असतो, त्यामुळे तारीख उलटलेल्या गाडीत पंपावर गॅस भरत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तुमच्या गाडीची तारीख गेलीय म्हणजे ती एक तर बरेच दिवस पेट्रोलवर आहे किंवा ओळखीच्या पंपावर भरतेय. टेस्टला दोन-तीन हजार जातात, पण टेस्ट मालकाला करायला सांगा. सिलिंडर नापास झाला तर तो खर्च त्याचा. क्लॅम्पच्या पट्ट्याखाली गंज धरतो, तिथे बघायला विसरू नका.

क्लचबद्दल: वर धरतोय म्हणजे प्लेट झिजत आलीय. खात्री करायला सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन झटकन बंद पडलं तर अजून दम आहे, गुरगुरत राहिलं तर प्लेट संपली. एकदाच करा, दुसऱ्याच्या गाडीवर चार वेळा नको. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलायचे.

चालवायला आरे रोडसारखा खड्ड्यांचा तुकडा आणि एखादा चढ, दोन्ही घ्या. वॅगन-आर उंच असल्याने लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड लवकर वाजतात. खड्ड्यात कटकट आली तर घाबरायचं काम नाही, भावात धरायचं काम आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घेताना कट-कट-कट असा ताल आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. साठच्या वेगाला घुमल्यासारखा आवाज आला तर व्हील बेअरिंग. आणि एअर फिल्टरचा डबा, बॅटरीमागचा कोपरा, बोनेटचा फेल्ट इथे उंदरांच्या लेंड्या किंवा कुरतडलेली वायर आहे का बघा. उघड्यावरच्या पार्किंगच्या गाड्यांत हे नेहमीचं आहे आणि टेपने गुंडाळलेली वायरिंग पुढे फार त्रास देते.

आता भाव. 1817 म्हणजे 2017 सालच्या 18 व्या आठवड्यातले टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालंय, ओल्या रस्त्यावर पकडणार नाही. चार टायरना तेरा हजारांच्या आसपास. क्लच सेट मजुरीसकट आठ. सस्पेन्शनचे बुश-लिंक चार. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल मिळून चार. बॅटरीची तारीख चार वर्षांपुढची असेल तर साडेचार. हे साडेतेहतीस हजार होतात. आकडे तुमच्या गॅरेजवाल्याकडून एकदा पक्के करून घ्या आणि ती यादी कागदावर लिहून मालकासमोर ठेवा. नुसतं ‘कमी करा’ म्हटल्याने कोणी करत नाही, कागद बघून करतात.

आणखी एक मुद्दा त्याला ठाऊक असणारच. ऑगस्ट 2013 ची गाडी ऑगस्ट 2028 ला पंधरा वर्षांची होते. तेव्हा पुनर्नोंदणी, त्याची पाच हजारांची फी, पर्यावरण कर, आणि तपासणीत पास होण्यासाठीची कामं. ते तुमच्या गळ्यात येणार आहे. मी 2 लाख 5 हजारांपासून बोलणी सुरू करीन आणि 2 लाख 15 च्या वर जाणार नाही, तेही त्याने हायड्रो टेस्ट करून आणि बोजा उतरवून दिल्यावर.

चार_चाकं

ओपन_पाना यांच्याशी सहमत, फक्त 74 हजारांवर शंका आहे. सीएनजीची गाडी कोणी कमी चालवण्यासाठी घेत नाही. बारा वर्षांत 74 हजार म्हणजे वर्षाला सहा हजार. अशक्य नाही, पण सर्व्हिस हिस्ट्री बघितल्याशिवाय मानू नका. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर, गिअरची मूठ आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड बघा. रबर गुळगुळीत झालं असेल किंवा गाडीत तेवढंच नवीन असेल, तर लाखाच्या वर धावली आहे असं समजून भाव करा. लाखावर धावलेली नीट सांभाळलेली वॅगन-आर घ्यायला माझी हरकत नाही, खोटं रीडिंग दाखवणाऱ्या मालकाला आहे.

भांडुपकर

समजलं. शेवटचा प्रश्न: तो म्हणतो दुसरं गिऱ्हाईक आहे, आजच वीस हजार टोकन द्या. द्यावं का?

आरसी_बुक

वीस नाही, दोन हजार द्या, तेही रोख नको, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. सोबत एक साधा कागद करा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: गाडी नंबर, ठरलेली रक्कम, बोजा अमुक तारखेपर्यंत उतरवणार, सिलिंडरची टेस्ट पास करून देणार, चलनं भरणार, यांतलं काही न झाल्यास टोकन परत. हे लिहून द्यायला तयार नसेल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ द्या.

बाकीचे पैसे बोजा उतरलेली आरसी ऑनलाइन दिसू लागल्यावरच. चावी घेताना ताबा दिल्याची तारीख आणि वेळ दोघांच्या सहीने लिहा, कारण त्या मिनिटानंतरचं चलन तुमचं. त्याचा फास्टॅग त्याने बंद करायचा, तुम्ही नवीन घ्यायचा. ट्रान्सफरचा अर्ज त्याच आठवड्यात करा. कायद्याने त्याच्यावर राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं बंधन आहे, आणि विमा तुमच्या नावावर करायचा अर्जही तुम्ही 14 दिवसांत करायचा असतो. ‘सह्या करून ठेवतो, सावकाश करा’ असं म्हणणाऱ्याचे कोरे फॉर्म घेऊन येऊ नका. ट्रान्सफरला त्याच्या आधार मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा तो फोन उचलणारा असला पाहिजे.

एमएच 03 म्हणजे वडाळा आरटीओ, भांडुपलाही तेच लागतं, त्यामुळे तुमचे फेरे कमी होतील.

ओपन_पाना

आणि गाडी घेतल्यावर चिपळूणला लगेच नेऊ नका. आधी ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग आणि टायर, मग पाचशे किमी मुंबईतच. दर रविवारी सकाळी डिपस्टिक आणि कूलंटची पातळी बघून वहीत लिहा. पाचशे किमीत दोन्ही जागच्या जागी राहिलं की घाटात न्या.